अझहर ड्युटीवर आहे

बुसैतीनच्या त्या आठमजली इमारतीत अझहर सोलकरला सगळे ओळखायचे ते त्याच्या पाठीवरच्या सॅकमुळे. एकोणीस वर्षं तो बहरीनमध्ये लिफ्ट दुरुस्त करत होता. कामावरून आला, चहा घेतला, की सॅकमध्ये दहा किलो तांदळाची पिशवी आणि पाण्याच्या सहा बाटल्या भरायचा आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जिना चढायचा. उतरायचा, पुन्हा चढायचा. अशा बारा खेपा. जिकडे बघावं तिकडे सपाट आणि पुढे समुद्र, अशा देशात डोंगराची तालीम आणखी कुठे करणार?

सहाव्या मजल्यावरचे पुण्याचे इंजिनियर शैलेंद्र लिफ्टच्या दारात उभे राहून हटकायचे. "काय अझहरभाई, लिफ्टवालाच जिन्याने जायला लागला, मग आम्ही कुणाच्या भरवशावर आत शिरायचं?"

"बिनधास्त शिरा साहेब. अडकलात तर मी जिन्यातच हाय."

हिमाचलमधली एक खिंड त्याच्या मनात भरली होती. साडेचार हजार मीटर उंच, या बाजूच्या गावातून चढायचं आणि पाचव्या दिवशी पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं. तेही एकट्याने. शैलेंद्रनी गाइड घ्या म्हणून परोपरीने सांगितलं, तर म्हणाला, "एकोणीस वर्षं लोकांच्या हाकेला ओ देतोय. पाच दिवस कुणी हाक मारायला नको."

हे नसीमाला, त्याच्या बायकोला, बरोबर कळत होतं. दोन वर्षांनी एकदा महिन्याची सुट्टी मिळायची, आणि रत्नागिरीजवळच्या गावी पाय ठेवायच्या आत थोरला भाऊ कमाल यादी घेऊन उभा असायचा. पुतणीची सोयरीक, विहिरीचा पंप, माच्या, म्हणजे त्यांच्या आईच्या, डोळ्याचं ऑपरेशन, कुणाचा तरी पासपोर्ट. माणूस गेला त्याहून दमून परत यायचा.

म्हणून युक्ती नसीमानेच काढली. "घरी वीस दिवसांचीच सुट्टी सांगा. एकविसाव्या दिवशी बॅग भरून निघा, बहरीनला चाललो म्हणून. मुंबईहून विमान पकडायचं, ते दिल्लीचं."

"आणि माचा फोन आला तर?"

"ड्युटीवर हायत म्हणेन. तुम्ही ड्युटीवर नसता कवा?"

तो मोठ्याने हसला होता. परदेशात राहणाऱ्यांची असली चोरी काही नवी नाही. कुणी दोन दिवस आधी उतरून सासुरवाडी करून येतो, कुणी आजाऱ्याला भेटायचं टाळतो. अलीकडच्यांना वाटतं पलीकडे आहे, पलीकडच्यांना वाटतं अलीकडे. अंगाशी आल्याचं नसीमाने तरी कधी ऐकलं नव्हतं.

सप्टेंबरात तो एकटाच गेला. फिजाची, तेरा वर्षांच्या लेकीची, शाळा चालू होती, त्यामुळे मायलेकी बहरीनलाच राहिल्या. ठरल्याप्रमाणे एका बुधवारी मुंबईला म्हणून गावातून निघाला. शुक्रवारी सकाळी खिंडीखालच्या शेवटच्या गावातून त्याचा फोन आला. आवाज असा होता, जसा निकाहच्या वेळीही नव्हता. "नसीमा, इथं गारवा असा हाय की नाकातून आत गेलेला कळतो. आता पाच दिवस फोन लागायचा नाय. बुधवारी पलीकडून करतो. तेवढं माला सांभाळ."

त्याच दुपारी माचा फोन. "पोचला का गो माझा पोर?"

"पोचले ना मा. लगेच ड्युटीवर गेले."

"जीव खातात मेले." मा कळवळली.

रविवारीही ड्युटी, सोमवारीही ड्युटी. कमालभाईंनी विचारलं, फोन का लागत नाही? नसीमाने सांगताना त्याचा फोन पाण्यात बुडवून टाकला. खोटं बोलायला जड जातं ते पहिल्यांदा. चौथ्या दिवशी ती कांदा चिरता चिरता बोलू लागली होती.

बुधवारी फोन आला नाही. रेंज नसेल. गुरुवारी आला नाही. एखादा दिवस मागे-पुढे होतोच, पाय दुखत असतील, बसले असतील कुणाच्या ओसरीवर चहा पीत. संध्याकाळी जिन्यात शैलेंद्र भेटले. "वहिनी, पोचले का हो खाली?" आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हो, पोचले." हे मात्र तिने ठरवलेलं नव्हतं.

शुक्रवारी माचा फोन ठेवला तेव्हा फिजा समोर उभी होती. "ममा, धिस इज नॉट फनी. जस्ट टेल कमाल चाचा."

"काय सांगू? बाप तुझा डोंगरावर मजा मारायला गेला? आयुष्यभर ऐकवतील त्याला. शनिवारचं तिकीट हाय, उद्या येतीलच."

"अँड इफ ही डझन्ट?"

"इंशाल्ला बोल आधी!" नसीमा ओरडली.

शनिवारी दुपारी ती विमानतळावर गेली. घरापासून दहा मिनिटांवर, येणारी-जाणारी विमानं तिच्या गॅलरीवरूनच जायची. मुंबईचं विमान उतरलं. ढकलगाड्या घेऊन माणसं बाहेर आली, खोकी, आंब्याच्या लोणच्याचे डबे, झोपलेली पोरं. मग एक म्हातारा व्हीलचेअरवर आला. मग विमानाचे कर्मचारी बाहेर आले, आणि तिथल्या साफसफाईवाल्याने तिला बाजूला व्हायला सांगितलं. तिथेच खांबाला टेकून तिने कमालभाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "म्हंजे तो बहरीनला नाय?"

"नाय, भाईजान."

"मग काल ड्युटीवर कोण होता?"

 

कमालभाई त्याच संध्याकाळी निघाले. खालच्या गावातला खानावळवाला म्हणाला, मला वाटलं उतरला असेल पलीकडे. पलीकडच्या गावात कुणी येणार आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पोलीस, गावकरी, मेंढपाळ, सगळे गेले. पण तोवर, आदल्याच शुक्रवारी, वर बर्फ पडून गेला होता. खानावळवाल्याने नसीमाशी फोनवर बोलताना एवढंच म्हटलं, "मॅडम, बुधवार को बता देते तो..." आणि वाक्य अर्धवट सोडलं. भला माणूस असावा. उरलेलं वाक्य नसीमा रोज पुरं करते.

सापडली ती फक्त पाण्याची एक बाटली. कमालभाईंनी फोटो पाठवला होता: खडकाच्या कपारीत पारदर्शक प्लॅस्टिक, त्यावर अरबी अक्षरं, आणि झाकणाला निळी चिकटपट्टी. ती पट्टी नसीमानेच लावली होती, जिन्यात पाणी गळतं म्हणून.

माला सांगायचं नाही, असं कमालभाईंनी ठरवलं. "तिचं काळीज तेवढं उरलं नाय. तू सुरू केलंस ना, आता तूच चालव. ड्युटीवर हाय म्हण." त्यांनी ते रागाने म्हटलं नाही, म्हणून तर ते जास्त लागलं.

मा रुसत गेली. आधी कंपनीवर, मग लेकावर, शेवटी सुनेवर. "तूच सांगितलं असशील, आईशी बोलू नको म्हणून. कळतं गो मला." नसीमा ऐकून घ्यायची. जवळजवळ बरं वाटायचं तिला. कुणीतरी तिला बोल लावत होतं, मग कारण चुकीचं का असेना.

कंपनीने सहा महिने वाट पाहिली. मग अझहरचा व्हिसा रद्द झाला आणि त्याबरोबर मायलेकींचाही. शाळेचा दाखला निघाला, फ्रिज विकला. शैलेंद्रनी खोकी बांधून दिली. ते हल्ली तिच्यासमोर काही विचारत नाहीत. माला एवढंच कळलं की सून आणि नात कायमच्या गावी येताहेत, येत्या गुरुवारी.

काल दुपारी माचा फोन आला. रिकाम्या खोलीत आवाज घुमत होता. "तुम्ही इकडं येताय, मग त्याला जेवायला कोण घालंल? तोपण येतोय ना?"

नसीमाने तोंड उघडलं. सहा महिने न अडखळता निघणारा तो शब्द आला नाही. गुरुवारी दारात उभं राहिल्यावर कुठली ड्युटी सांगणार होती ती? मा पलीकडून हाका मारत होती, "गो नसीमा? ऐकतेस ना?"

फिजाने आईच्या हातातून फोन काढून घेतला. दादीला इतकी वर्षं इंग्रजीतच उत्तरं देणारी, त्यावरून तिची बोलणी खाणारी पोरगी. तिने घसा साफ केला.

"दादी," ती म्हणाली, अगदी नीट, शब्द जुळवत, "अब्बा ड्युटीवर हायत. त्यांना सुट्टी नाय मिळाली."

"अगं बाय माझी!" मा हरखली. "बोलायला लागली की गो पोरगी आपली बोली!"