पिवळ्या पट्टीच्या मागे

टोलनाक्यावर मी सात वर्षं काढली. शहरात शिरणाऱ्या बाजूला, पाच नंबरच्या केबिनमध्ये. शिव्या खायची नोकरी ती. काच सरकवली की आधी धूर आत यायचा, मग शिवी, मग नोट. "रोड टॅक्स भरतो, पेट्रोलवर टॅक्स भरतो, आता तुला कसले पैसे देऊ गं?" असं रोज कुणीतरी विचारायचंच. जसं काही ते पैसे मी पर्समध्ये घालून नाहूरला घरी नेणार होते! सुरुवातीला रडू यायचं. नंतर मीही तोंड उघडायला शिकले.

तरी या नोकरीचा मला अभिमान होता, तो बाबांमुळे. बाबा रस्त्यावर पट्टे मारायचे. आयुष्यभर तेच काम. भट्टीत वितळवलेला गरम रंग, तो ओतणारी ढकलगाडी आणि ताणलेली दोरी. कुठेही निघालो की "हा मी मारलाय, तो मी मारलाय" असं दाखवत चालायचे. आई म्हणायची, "निघाले बघा, रस्त्याचे मालक." त्यांची सगळ्यांत लाडकी पट्टी आमच्याच नाक्यावर होती. केबिनपासून बरीच मागे, दिव्याच्या एका खांबापाशी, रस्त्यावर आडवी मारलेली पिवळी पट्टी.

तिचा नियम साधा. गाड्यांची रांग त्या पट्टीच्या मागे गेली की दांडा वर करायचा आणि रांग पुन्हा आत येईपर्यंत सगळ्यांना फुकट सोडायचं. बाबा जेवताना घास हातात धरून हे समजावून सांगायचे. "पैसे कशाचे? रस्ता चालतो त्याचे. रस्ताच थांबला तर कसले पैसे?" मी तिथे बसते म्हणजे न्यायनिवाडा करते, असंच त्यांना वाटायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

सात वर्षांत त्या नियमाने मी दांडा एकदाही वर केला नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. संध्याकाळची रांग पट्टी ओलांडून पार पुलापर्यंत जायची. पण मागे बघायचंच नाही, अशी आमच्याकडे रीत होती. पहिल्या दिवशीच शिकवायचे: मान खाली, हात बघायचा, नोट बघायची, पावती द्यायची. एकदा मी विचारलं, तर सुपरवायझर म्हणाला, "पट्टी तुला इथून दिसते का? नाही ना? मग झालं तर." खरंच दिसत नव्हती. मीही म्हटलं, जाऊ दे, आपल्याला काय करायचंय.

त्या दिवशी बाबा कळव्याला आत्याकडे गेले होते. शेजारच्या काकांनी स्वतःच्या गाडीने नेलं होतं. चहा पिताना बाबांच्या हातातून कप निसटला. तोंड जरा वाकडं झालं, उजवा हात जड झाला. आत्या म्हणाली, इथेच दाखवू. बाबांनी हट्ट धरला, नाही, मुलुंडला आपले ओळखीचे डॉक्टर आहेत, तिकडेच चला. निघाले आणि नाक्याच्या रांगेत अडकले.

पुढचं मला काकांनी नंतर सांगितलं. ते हॉर्न मारत होते. अ‍ॅम्ब्युलन्सच्या लेनमधून गाडी घालतो म्हणाले. बाबांनी मागून डाव्या हाताने त्यांचा खांदा धरला. जीभ जड झाली होती, तरी बोलले, "नको. आपण पट्टीच्या मागे आहोत. आता सोडतील. माझी मुलगी आहे तिकडे."

काकांनी हे मला एकदाच सांगितलं. मी रोज ऐकते.

ड्युटीवर आमचे फोन लॉकरमध्ये ठेवून घ्यायचे. गाडी सरकत सरकत माझ्याच लेनला लागली. मी हात बघितला, नोट बघितली, पावती दिली. काका ओरडत होते म्हणे. पण ओरडणारा तर दर दुसऱ्या गाडीत असायचा, आणि मागे ट्रकचा हॉर्न चालूच होता. मी मान वर केली नाही. मागच्या सीटवर माझे बाबा होते.

"थोडं आधी आणायला हवं होतं," एवढंच डॉक्टर म्हणाले. बाबा वाचले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

मी नोकरी सोडली. बाबांचं करायला सोडली, असं लोक म्हणाले, आणि मी म्हणू दिलं. पुढे लहान गाड्यांचा टोल माफ झाला. कुणी कुणी पेढे वाटले. आता टीव्हीवर माणसं म्हणतात, गर्दीच्या वेळी शहरात शिरायचे पैसे घ्या, कॅमेऱ्याने, आपोआप. घ्या ना! माझं पैशाशी भांडण नाही. ट्रकवाल्याने भरायचे आणि एकट्याने आख्खी गाडी उडवत येणाऱ्याने फुकट जायचं, हा कुठला न्याय? पण पैसे घेताना शब्द देता, तो पाळायला कोण बसणार आहे, ते आधी सांगा. माझ्यासारखी मान खाली घालून बसणारी असेल, तर नका घेऊ. हे सगळं मी मनातल्या मनात टीव्हीला ऐकवायचे. बाबा पलंगावरून बघत असायचे, त्यांना मात्र सांगायची हिंमत होत नव्हती.

वर्ष उलटल्यावर आत्याला भेटवून मी बाबांना रिक्षाने परत आणत होते. पाच नंबरच्या केबिनची काच फुटलेली. टोल गेला, रांग आहे तिथेच. रिक्षा थांबली ती नेमकी त्या खांबापाशी. बाबा वाकून खाली बघायला लागले. पट्टी झिजून गेली होती, खडीला चिकटलेला एक पिवळा तुकडा तेवढा उरला होता. तो बघितला आणि बाबा डाव्या हाताचं बोट स्वतःच्या छातीवर आपटायला लागले. पुन्हा पुन्हा. डोळ्यांतून पाणी. मला वाटलं छातीत दुखतंय. मग लक्षात आलं. ते सांगत होते, चूक माझी. मीच थांबवलं. मीच नियमाच्या भरवशावर बसून राहिलो.

अरे देवा! वर्षभर हा माणूस हे गिळून पडला होता, आणि मी माझं गिळून त्याला भरवत होते.

मी ते बोट धरलं. "नाही बाबा. तुमची पट्टी बरोबर होती. दांडा माझ्या हातात होता. मी मागे बघितलं नाही. सात वर्षं बघितलं नाही." रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी बोट माझ्या मुठीतून सोडवून घेतलं. घर येईपर्यंत त्यांनी माझा हात धरला नाही. पण बोट छातीवरही परत नेलं नाही.