बिल्डिंगला अर्थ नाही!

मीटररूममध्ये जसं नको ते सामान साचत जातं, तसे आमच्या धंद्यात किस्से साचतात. चंद्रपुरात आता दहा-दहा, बारा-बारा मजल्यांच्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या. त्यांची वायरिंग, पॅनल, लिफ्ट तपासून रिपोर्ट द्यायचा, हे आमचं काम. टपरीवर चहा घेताना एकेक किस्सा निघतो. अडचण एकच, प्रत्येक किश्शात मडावी भाव खाऊन जातो!

मडावी एटापल्लीकडचा. माझ्यानंतर सहा वर्षांनी लागला. यंदा साहेब आमच्या दोघांपैकी एकाला सुपरवायझर करणार होते. अनुभव माझा जास्त, वय माझं जास्त, आणि लोक मात्र दार उघडल्याबरोबर विचारतात, "मडावीभाऊ नाई आले?" जळतो मी. खोटं कशाला सांगू!

*

ईएलसीबी नावाचा एक स्विच असतो. करंट कुठे गळायला लागला की तो आपोआप पडतो आणि माणूस वाचतो. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून पाहायचं.

एका सोसायटीत मी यावर अर्धा तास बोललो. लीकेज, मिलिअँपिअर, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. शेवटी आठव्या मजल्यावरच्या एक बाई उठल्या. "म्या दाबलं होतं जी ते, टी म्हणजे टीव्ही समजून. टीव्ही तं लागलाच नाई, फ्रिज बी गेला!"

लोक हसून हसून बेजार. मडावी मागून एवढंच बोलला, "टी म्हणजे तपास, बाई. लाईट गेली म्हणजे पास!"

आज त्या बिल्डिंगीत घरोघरी पॅनलवर ते वाक्य चिकटवलंय. माझ्या मिलिअँपिअरचा कुठे पत्ता नाही.

*

आम्ही वायरवाले अर्थिंगला नुसतं 'अर्थ' म्हणतो. एका रिपोर्टात मी सरळ लिहिलं, "आपल्या इमारतीला अर्थ नाही. जो आहे तो तुटलेला आहे."

सेक्रेटरी निघाले मराठीचे रिटायर्ड गुरुजी! त्यांनी थेट साहेबांना फोन लावला. "आमची इमारत निरर्थक आहे, असं लेखी देता?"

साहेबांनी मला झापलं आणि समजूत काढायला पाठवलं कोणाला? मडावीला! तो हात जोडून म्हणाला, "गुरुजी, अर्थ तं हाय. पण तो जमिनीपर्यंत पोचून नाई राह्यला."

गुरुजी इतके खूश, की दुसऱ्याच दिवशी खड्डा खणून अर्थिंगची नवीन पट्टी टाकली. वर मलाच सांगतात, "तुमचा तो मडावी, भाषेचा माणूस आहे हो!"

*

तपासणीच्या दिवशी मडावी लिफ्ट वापरत नाही. एकेक मजला पायी चढतो. "भाऊ, आज लिफ्टनं नको जाऊ," मलाही सांगत होता. मी का त्याचं ऐकू?

सहाव्या-सातव्याच्या मधे लिफ्ट अडकली. खाली मडावीनं तपासणीसाठी मेन स्विच पाडला होता. मी दार बडवलं. बाहेरून एका आजोबांचा आवाज आला, "कोन हाय आत?"

"सेफ्टीवाले!"

"मंग बसा आरामात. सेफ आहात!"

*

एका मीटररूममध्ये तर वाळलेल्या मोहफुलांची पोती. धानोऱ्याच्या एका काकूंनी माहेराहून आणलेली. मी "हटवा!" म्हणून ओरडलो, तर त्यांनी माझ्या तोंडावर मीटररूमला कुलूप घातलं.

मडावी गेला. "काकू, ठिनगीले मोह आवरत नाई!"

काकू खुदकन हसल्या. संध्याकाळपर्यंत पोती गायब! शिवाय त्याला किलोभर मोह बांधून दिला. मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

*

सुपरवायझरचं नाव ठरायच्या आधीच्या रविवारी मी साहेबांना घरी जेवायला बोलावलं. मडावीलाही बोलावलं, मुद्दाम. माझं नाव त्याच्यासमोर निघावं, एवढीच इच्छा!

मे महिन्याची दुपार. बायकोनं पाटोडीचा रस्सा केलेला. लोखंडी कुलर फुल्ल सोडलेला. मी साहेबांना वाढता वाढता म्हणालो, "साहेब, सुपरवायझरनं सेफ्टी आधी आपल्या घरापासून सुरू केली पाहिजे."

"एकदम बरोबर," साहेब म्हणाले. "मला असाच माणूस पाहिजे."

मी मडावीकडे पाहिलं. तो खाली मान घालून जेवत होता. काय सांगू, रस्सा अमृतासारखा लागला!

साहेबांना घाम फुटला होता. ते उठले आणि हवा आपल्याकडे वळवायला अनवाणीच कुलरकडे निघाले.

स्वयंपाकघरातून बायको पोळी हातात घेऊन धावत आली. "थांबा, थांबा साहेब! आधी चप्पल घाला. कुलर करंट मारते!"

साहेबांचा कुलरकडे गेलेला हात तिथेच थांबला. ते माझ्याकडे पाहायला लागले. मी पाटोडीकडे.

बायको मात्र मडावीकडे वळली. "दोन वर्सं झाले, याईले सांगून राह्यली. आता तुमीच पाहा न, मडावीभाऊ!"