वैनगंगेपलीकडच्या डॉक्टरकडे, दादाला घेऊन

मूल गावाहून गडचिरोलीला आज मोटारीनं निघालात तर तासाभरात पोचाल. वैनगंगेवर पूल आहे, रस्ता चांगला आहे. मी त्या वाटेनं पहिल्यांदा गेले तेव्हा यातलं काही नव्हतं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी वीस वर्षांची, सिंदेवाहीच्या शाळेत नवी शिक्षिका. आणि सोबत माझा दादा.

दादा ब्रह्मदेशच्या लढाईत खेचरांच्या तुकडीत होता. परत आला तेव्हा अंगावर एक ओरखडा नव्हता. पण आकाशातून विमान गेलं की तो धानाच्या बांधाआड लपायचा, झोपेतून किंचाळत उठायचा, जंगलात पाऊल टाकायचा नाही. मांत्रिक झाले, नवस झाले. शेवटी बाबांनी त्याला शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं ठरवलं. अर्जावर सही तेवढी उरली होती. मी ते इस्पितळ आधी जाऊन पाहिलं. आत गेलेली माणसं घरी कधी येतात, असं मी विचारलं, तर तिथला माणूस नुसता हसला.

आमच्या गावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं मला सांगितलं की लष्करातून निवृत्त झालेला एक डॉक्टर चामोर्शीपुढच्या जंगलात राहतो, आणि युद्धात मन दुखावलेली माणसं त्यानं पाहिली आहेत. मी बाबांकडं आठ दिवस मागून घेतले.

सिंदेवाहीहून मूलपर्यंत छोटी आगगाडी. ती इतकी सावकाश जायची की खिडकीतून आधी मोहाचा वास यायचा आणि झाड मागाहून. पळस फुलून सरत आला होता. पुढं बसनं नदीकाठी उतरलो आणि तापल्या वाळूतून पाय ओढत नावेपर्यंत गेलो. पाणी उथळ, काचेसारखं. दादा पलीकडं पोचेपर्यंत हात पाण्यात सोडून बसला होता. त्याचा चेहरा इतका शांत होता की मीही हात पाण्यात सोडला. गडचिरोलीच्या धर्मशाळेत लाखोळीची डाळ आणि भात खाल्ला. तशी चव मला पुन्हा मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी लाकडं आणायला निघालेल्या रिकाम्या ट्रकनं चामोर्शी गाठली. तिथून चैतूभाऊंची बैलगाडी. चैतूभाऊ त्याच जंगलातले, गोंड, साठीचे. सागाची पानं गळून गेली होती, सगळीकडं सोनेरी धूळ तरंगत होती, आणि मोहाखाली बाया वाकून फुलं वेचत होत्या. मला वाटलं, आपण कुणाच्या तरी स्वप्नातून चाललोय. दादा मात्र डोळे मिटून बसला होता.

तेवढ्यात धडाधड आवाज झाले. काही कळायच्या आत दादानं मला गाडीतून खाली ओढलं, जमिनीवर दाबलं आणि स्वतः माझ्यावर पालथा पडला. त्याचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं. इतकी वर्षं मी त्याची भीती लांबून पाहिली होती. त्या दिवशी ती माझ्या अंगाला लागली.

चैतूभाऊंनी बैल सोडले आणि ते आमच्याजवळ मातीत येऊन बसले.

"बांबू फुटून राह्यले, भाऊ," ते हळू म्हणाले. "मोहाखालचा पाला जाळला बायांनी, आग तिकडं दूर बांबूत गेली. उठाची घाई नाई. मी हावो इथीच."

ते खरंच बसून राहिले, दादा आपणहून उठेपर्यंत.

डॉक्टर पांढऱ्या केसांचे, उंच. दवाखाना म्हणजे कुडाच्या दोन खोल्या. मी दादाबद्दल सांगायला लागले तर त्यांनी मला थांबवलं आणि दादालाच विचारलं, कोणत्या पलटणीत होतास. दादा ताठ उभा राहिला. मग दोघं सगळी दुपार ओसरीवर बसले. मी डॉक्टरांच्या बायकोबरोबर चारोळ्या फोडत होते. बोलणं ऐकू येत होतं.

दादाचा एक सोबती बांबूच्या बेटात जखमी होऊन पडला होता. शत्रू जवळ होता आणि हलायचं नाही असा हुकूम होता.

"तो पानी मांगत होता," दादा म्हणाला. "मी धा कदमावर होतो. मी त्याले पानी नाई देल्लं."

डॉक्टरांनी त्याची समजूत घातली नाही. एवढंच विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

"शिवा," दादा म्हणाला, आणि रडला. तो परत आल्यापासून मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

निघताना डॉक्टरांनी मला सांगितलं की हा वेडा नाही आणि याला भूतही लागलेलं नाही. झोपेच्या पुड्या दिल्या, महिन्यातून एकदा घेऊन यायला सांगितलं. बरा होईल ना, असं मी विचारलं.

"पूर्ण होईल असं नाही सांगत," ते म्हणाले. "पण कोंडू नका. आणि बोलला तर मधे बोलू नका."

घरी पोचलो त्या संध्याकाळी बाबा जेवायला बसले असताना दादानं त्यांना शिवाबद्दल सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला. अर्जाचं पुढं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. सही मात्र झाली नाही.

पुढची दोन वर्षं आम्ही ती वाट महिन्याच्या महिन्याला केली. दादा शेती करू लागला, म्हातारा होऊन गेला. बरा झाला होता का, असं लोक अजून विचारतात. दिवाळीत फटाके वाजले की तो शेवटपर्यंत दचकायचा. पण मग बांधाआड पळायचा नाही, घरात येऊन म्हणायचा, "मले भेव लागून राह्यला. जराक जवळ बसा." आणि आम्ही बसायचो.