गोळी इचारली न्हाई

त्या दुष्काळात तलवाड्याजवळ दूध संघानं जनावरांची छावणी काढली, अन् तिच्या कडेला पत्र्याचा दवाखाना. भामाबाई तिथं आया. एकोणीस वर्षं संघाच्या दवाखान्यात झाडू मारता मारता तिला माणसांच्या दुखण्याची बोली पाठ झालेली. 'अंगावरून जातं' म्हणून एखादीनं मान खाली घातली, की पांढरं का लाल, हे भामाबाई तिच्या कानाशी लागून विचारून घेई.

नव्या डॉक्टरीणबाई शहरातल्या. मायाळू, पण दिवसाला शंभर माणूस तपासायचं. एकदा म्हणाल्या, "मावशी, पेशंटला बोलू द्या. तुम्ही मध्ये नका बोलू." त्यात राग नव्हता, पण भामाबाईनं तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच.

वैशाखात धुळाजी बायकोला, मनकर्णाला घेऊन आला. मेंढरं विकून दोन म्हशींवर आलेलं घर; म्हशी छावणीतच बांधलेल्या. मनकर्णाच्या पायांवर, डोळ्यांखाली सूज.

"काय होतंय?"

"कंबर लई धरती तिची," धुळाजीच बोलला.

"त्यांना सांगू द्या."

नवऱ्यासमोर लघवीचं कसं सांगावं? मनकर्णा पायाच्या अंगठ्यानं भुई उकरत राहिली. बाईंनी कागदावरचा पुढचा सवाल केला. "कुठलं औषध घेता का?"

मनकर्णा दचकली. "न्हाई ओ बाई! औषध कावून घेऊ? लेकरं हायत मला."

"औषध घ्यावं इतका वाईट हाय व्हय मी?" धुळाजी हसला.

बाईही हसल्या, पण त्यांना काही उमगलं नव्हतं. 'औषध: नाही' असं लिहून त्यांनी कंबरेसाठी दुखण्याच्या गोळ्या दिल्या.

भामाबाईच्या ओठावर आलं होतं. इथं औषध म्हणजे पिकावर फवारायचं विष. औषध घेतलं म्हणजे माणूस आपल्याच जिवावर उठलं. दवाखान्यात मिळतं त्याला म्हणायचं गोळी. सांगावं का? तिनं फडकं उचललं अन् टेबल पुसायला लागली.

नवव्या दिवशी मनकर्णाला बाजेवर घालून आणलं. लघवी बंद, दम लागलेला. बाई गाडीसाठी फोन लावत होत्या. भामाबाईनं धुळाजीला बाहेर घालवलं.

"मने, कंबरेला काय खात होतीस गं?"

मनकर्णानं पदराची गाठ दाखवली. आत किराणा दुकानातल्या, दुखणं मारायच्या पिवळ्या गोळ्या. शेण भरायचं, टँकरचं पाणी वाहायचं, म्हणून सकाळी एक, सांजच्याला एक. तीन सालं. वरून दवाखान्याच्या.

"मग बाईला कावून सांगितलं न्हाईस?"

"त्यांनी औषध इचारलं. गोळी इचारली न्हाई."

बाईंच्या हातातला फोन खाली आला. या गोळ्यांनी किडन्या गेल्या, हे त्यांना सांगावं लागलं नाही. "मावशी, ती औषध कशाला म्हणतेय, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

भामाबाईनं त्या पिवळ्या गोळ्या उचलून बाईंच्या टेबलावर ठेवल्या.

मनकर्णाला बीडला नेलं. चौथ्या दिवशी धुळाजी एकटाच छावणीतल्या म्हशी सोडून न्यायला आला. "पाणी पाणी करीत गेली ओ मावशी," तो म्हणाला. "डॉक्टर म्हनले, आता पाणी चालत न्हाई तिला. जलमभर घागरी वाहिल्या तिनं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपल्या शेजारी एक स्टूल ओढलं. "बसा मावशी. तुम्ही विचारा."

भामाबाई बसली. पहिली बाई पुढं आली.

"गोळी खातीस का? कोणत्या रंगाची? कवापासून? पदराची गाठ सोड, बघू दे."

दुपारपर्यंत अकरा गाठी सुटल्या. आत सगळीकडं तीच पिवळी गोळी. बाई लिहीत होत्या. मागं खिळ्याला 'औषध: नाही' लिहिलेला मनकर्णाचा कागद अजून तसाच लटकत होता. तो काढायला ना त्यांचा हात गेला, ना भामाबाईचा.