खुराड्याची खिडकी

तिवस्याच्या डोमाजी गवंड्यानं उभी हयात लोकांची घरं बांधण्यात घातली. यंदा घरी पहिल्यांदाच कोंबड्या यायच्या होत्या, म्हणून परसातलं खुराडंही त्यानं जातीनं बांधलं. मुंगसाच्या भीतीनं पक्क्या विटा, वर टिन आणि बाजूला जाळीची ऐसपैस खिडकी. दोन दिवसांत काम फत्ते!

"सुंदरे, पाय! कोंबड्याईले कशी खेळती हवा ठेवली!"

फोडणीचा ठसका लागलेली त्याची बायको डोळे पुसत बाहेर आली. सैपाकखोलीला एक खिडकी पाडा, म्हणून ती लग्न झाल्यापासून त्याच्या मागं लागली होती. तिनं वाकून खुराड्यात पाहिलं, जाळीवरून हात फिरवला.

"कोंबड्या आणा अन् घरात ठेवा," ती म्हणाली. "सैपाक मी इथं करतो."