घोंगडीतली व्हॅनिला

मांजरी गावच्या हिराबाईंनी आयुष्यात अत्तर असं कधी लावलं नव्हतं. लग्नात कुणी मनगटाला बोट पुसलं असेल तेवढंच. तरुणपणी पंधरा वर्षं त्यांनी उसात खुरपणी केली, तेव्हा अंगाला पाचटाचा आणि ओल्या मातीचा वास असायचा. नवरा वारल्यावर दत्तप्रसाद साहेबांच्या पॉलिहाऊसमध्ये कामाला लागल्या. तिथं जरबेराची फुलं, आणि जरबेराला वास नसतो. वास काय तो फवारणीच्या औषधाचा. त्याच कामावर त्यांनी मुलीला, निकिताला, शिकवून इंजिनिअर केलं. ती आता खराडीला नोकरीला जाते आणि निघताना मानेवर परफ्यूमचे दोन फवारे मारते. हिराबाई तेव्हा पदर नाकाला लावायच्या. "औषध मारल्यासारखं वाटतं गं," म्हणायच्या.

दत्तप्रसाद साहेब कंपनीतून रिटायर झालेले, सदाशिव पेठेतले. बोलणं मोजकं. एका वर्षी ते केरळातून वेलाची कलमं घेऊन आले आणि मागच्या सावलीच्या जाळीखाली लावायला सांगितली.

"साहेब, कसला येल हाय?"

"व्हॅनिलाचा."

"आइस्क्रीमचा?"

"आइस्क्रीमला वेल नसतो, हिराबाई."

दोन वर्षं त्या वेलानं नुसती पानं दिली. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी पहिलं फूल उमललं. फिकं, पिवळट-हिरवं, देखणं म्हणावं असंही नाही. साहेब मात्र घाईला आले, कारण हे फूल पहाटे उमलतं आणि दुपारी मान टाकतं. हा वेल मूळचा ज्या परदेशी मुलखातला, तिथं त्याची एक खास माशी असते म्हणे, ती इथं नाही. म्हणून माणसानंच त्या फुलाचं लग्न लावायचं. आतमध्ये पापडासारखा एक पातळ पडदा असतो. तो टूथपिकनं वर उचलायचा आणि पराग अंगठ्यानं हलकेच पलीकडे दाबायचा. साहेबांनी मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत तीन फुलं फाडली.

"तुम्ही बघा बरं," असं म्हणून त्यांनी टूथपिक हिराबाईंच्या हातात दिली.

हिराबाईंची बोटं खुरप्यानं घट्टे पडलेली, पण नजर स्थिर. पडदा उचलला, अंगठा टेकवला, सोडला. झालं. लग्न जमलं नाही तर असं फूल एक-दोन दिवसांत गळून पडतं. तिसऱ्या दिवशी हिराबाई भल्या सकाळी जाळीखाली गेल्या. फूल सुकलं होतं, पण देठ घट्ट होता. त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"साहेब, ऱ्हायलं!"

"काय राहिलं?"

"फूल! म्हंजे शेंग!"

पुढचे दोन महिने त्या रोज उजाडायच्या आत घराबाहेर पडल्या. रविवार नाही, सण नाही. चौदा एप्रिलला निळं लुगडं नेसून आधी वेलांवर गेल्या, मग मिरवणुकीला. जाळीखालची प्रत्येक शेंग त्यांच्या अंगठ्याखालून गेलेली होती.

शेंगा तयार व्हायला नऊ महिने लागले. जानेवारीत तोडल्या तेव्हा त्या वीतभर लांब, हिरव्यागार होत्या. साहेबांनी एक नाकाशी धरली, दुसरी मोडून हुंगली. कच्च्या पाल्याचा वास, बाकी काही नाही.

"नऊ महिने आपण फरसबी पिकवली, हिराबाई," ते म्हणाले.

आपल्याच हातून काही चुकलं, अंगठा जास्त दाबला की काय, असं हिराबाईंना वाटत राहिलं. साहेबांना शेंगा उबवायची रीत वाचून माहीत होती, पण नेमकं त्याच आठवड्यात त्यांच्या पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. त्यांनी रीत कागदावर लिहिली, तपमान बघायची काचेची नळी दिली आणि शेंगांची टोपली हिराबाईंच्या घरी पाठवली. "झालं तर झालं," म्हणाले.

हिराबाईंनी कागदाबरहुकूम सगळं केलं. पाणी उकळू न देता गरम केलं, त्यात शेंगा तीन मिनिटं बुडवल्या. मग जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून, वरून घोंगडी लपेटून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी उघडलं तर शेंगा तपकिरी झालेल्या आणि घामेजलेल्या. मग रोज दुपारी तास-दीड तास उन्हात पसरायच्या आणि गरम असतानाच पुन्हा घोंगडीत घालायच्या.

शेजारची कौशल्या बघायला येऊन हसली. "काय गं, उन्हात घालतीस न पुन्हा पांघरून निजवतीस! आजारी हायत का शेंगा?"

पहिले काही दिवस चिंचेसारखा आंबूस वास आला. मग गुळासारखा. पंधराव्या दिवशी दुपारी हिराबाईंनी घोंगडीची घडी उलगडली आणि त्यांचा हात तसाच राहिला.

त्या खाली बसल्या. दूध आटवताना कढईच्या कडेला खरपूस साय धरते, तसा तो वास होता. त्याच्या आत गुऱ्हाळातली काकवी होती, सागवानी पेटी होती. आणि या सगळ्याच्या मागून, नुकती मिरी कुटलेल्या खलासारखं काहीतरी बारीक, तिखट, नाकाला हळूच टोचून जात होतं. एवढं सगळं होतं, तरी वास अंगावर येत नव्हता. तो असा होता की माणसानंच पुढं वाकावं.

त्यांनी कौशल्येला हाक मारली. कौशल्या आली, वाकली आणि हसायची विसरली.

"हे कुठनं आलं गं?"

"शेंगंतनं."

"शेंगंत तर कायबी न्हवतं."

"न्हवतं," हिराबाई म्हणाल्या.

संध्याकाळी निकिता घरात शिरली ती दारातच थांबली. "आई, कोणाचा बर्थडे आहे? केक आणलायस?" हिराबाईंनी पेटी दाखवली. निकिता बराच वेळ शेंग हातात घेऊन बसली. मग आतून आपली परफ्यूमची बाटली आणून तिनं एक फवारा मनगटावर मारला, एकदा हे हुंगलं, एकदा ते. "आई, या बाटलीवर व्हॅनिला लिहिलंय. म्हणून तर घेतली होती मी. आता मला ती प्लास्टिकच्या फुलासारखी वाटायला लागली."

शेंगा पुढे सावलीत वाळल्या, काळ्याभोर आणि मऊ झाल्या. साहेब परत आले, त्यांनी एक हुंगली आणि पहिल्यांदाच त्यांना टोमणा सुचला नाही. प्रश्न होता तो यांचं करायचं काय. आइस्क्रीमवाल्यांना एवढ्याशा मालात रस नव्हता. निकितानं बुधवार पेठेतल्या एका अत्तरवाल्याचं नाव काढलं, अकबर चाचांचं. एप्रिलच्या सुरुवातीला साहेब आणि हिराबाई तिथं गेले.

दुकान जेमतेम दोन माणसं बसतील एवढं. अकबर चाचा सत्तरीचे, पांढऱ्या दाढीचे, चार पिढ्या पुण्यात अत्तराचाच धंदा. साहेबांनी कागदाची पुडी उघडली. चाचांनी शेंग उचलली, नाकाखाली धरली आणि डोळे मिटले. मिटले ते मिटलेच.

"झोप लागली का?" साहेबांनी विचारलं.

चाचांनी डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. "साहेब, पन्नास वर्षं व्हॅनिला विकतोय मी. डब्यातून पांढरी भुकटी येते, तीच वापरली. वडिलांनी तीच वापरली. शेंग आज पहिल्यांदा हातात आली." त्यांनी ती पुन्हा हुंगली. "भुकटीला एकच सूर असतो हो. हिच्यात अख्खी मैफल आहे. कोणी केली ही?"

साहेबांनी हिराबाईंकडे बोट दाखवलं. "यांनी. फुलापासून."

अकबर चाचा गादीवरून उठून उभे राहिले. "ताई, आपण इथे बसा," ते म्हणाले. हिराबाई संकोचून उभ्याच होत्या. त्या बसेपर्यंत चाचाही बसले नाहीत.

वेल पुन्हा फुलावर आला आहे हे कळल्यावर तर चाचांना धीर निघेना. "शेंग अशी, तर फूल कसं दरवळत असेल!" चार दिवसांनी ते पहाटेच्या रिक्षानं मांजरीला आले. हिराबाईंनी त्यांना जाळीखाली नेलं आणि नुकतं उमललेलं फूल दाखवलं. चाचांनी वाकून हुंगलं. पुन्हा हुंगलं. दुसऱ्या फुलापाशी गेले.

"ताई, याला तर वासच नाही."

"उगं जरासा हाय. असून नसल्यासारखा."

"फुलाला नाही. हिरव्या शेंगेलाही नाही, असं साहेब सांगत होते. मग येतो कुठून?"

"मला काय ठाऊक, चाचा? मी निस्तं पांघरून घालते."

चाचा त्या फुलाकडे बघत राहिले आणि अगदी हळू आवाजात "सुभानअल्लाह" म्हणाले. मग हिराबाईंचं काम संपेपर्यंत ते एका उलट्या बादलीवर बसून राहिले. फुलामागून फूल, हिराबाईंचा अंगठा कसा टेकतो आणि उठतो, तेवढंच बघत होते.

चाचांनी शेंगा चिरून स्पिरिटमध्ये मुरायला घातल्या. ऑगस्टमध्ये निरोप आला, अत्तर तयार आहे. हिराबाई एकट्याच गेल्या. चाचांनी काचेची काडी त्यांच्या मनगटावर टेकवली आणि तोंडाकडे बघत बसले.

हिराबाईंनी हुंगलं. खरं बोलावं की नाही, त्यांना समजेना. "चाचा, राग नका मानू. दाढ दुखल्यावर लावतात ना तेल, तसा वास येतोय."

चाचांचा चेहरा पडला. "लवंग जास्त झाली?"

"लवंग हाय, मिरी हाय, जायफळबी हाय. शेंग कुठंय?"

चाचा खदखदून हसले. "चार पिढ्यांत कोणी तोंडावर असं सांगितलं नव्हतं, ताई. मला भीती वाटली, इतकी नाजूक चीज लोकांना कळणार नाही. म्हणून मसाला वाढवला." त्यांनी ती बाटली बाजूला सारली. "एक महिना द्या मला."

महिन्यानं हिराबाई पुन्हा गेल्या. काडी मनगटाला लागली. आधी मिरीची एक चुणूक आली, जिभेवर नव्हे तर कपाळात कुठंतरी. मागोमाग लवंगेचा धागा, तोही इतका बारीक की धरायला जावं तर सुटावा. मग काही क्षण काहीच नाही. आणि मग ती आली, सावकाश, मऊ पावलांनी, घोंगडीतली ती दुपार. हिराबाईंनी मान डोलवली. चाचांनी एक बोटभर बाटली त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी पर्स उघडायला घेतली तर चाचांनी कानाला हात लावले.

परतीच्या बसमध्ये शेजारी कॉलेजची एक मुलगी बसली होती. दोन स्टॉप ती इकडे तिकडे बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मावशी, सॉरी हं, पण तुम्ही काय लावलंय?"

"व्हॅनिला."

"कुठल्या ब्रँडची?"

हिराबाईंनी मांजरीतला वेल, टूथपिक, ऊन, पांघरूण सगळं सांगितलं. मुलीनं ऐकून घेतलं, पण तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. तरी उतरताना ती म्हणाली, "एकदाच," आणि तिनं हिराबाईंचं मनगट नाकाशी नेऊन डोळे मिटले.

हडपसरपर्यंत मिरी निघून गेली होती. वास आता कातडीत उतरला होता आणि कातडीचाच झाला होता. उजव्या मनगटावरचा वास धुतला जाऊ नये म्हणून घरी हिराबाईंनी स्वयंपाक डाव्या हातानं करायला घेतला. भाकरी धड थापली जाईना, तेव्हा निकितानं त्यांच्या हातातून पीठ काढून घेतलं. "बस तू आई. आज मी करते." आणि तिनंच आईचं मनगट उचलून स्वतःच्या गालाला लावलं.

साहेबांनी आणखी दोन ओळी वेल लावले आहेत. चाचा वर्षाला मोजक्याच बाटल्या बनवतात, आणि प्रत्येक घाणा आधी हिराबाईंनी हुंगल्याशिवाय पुढे जात नाही. कामावर जाताना त्या अत्तर लावत नाहीत. सुट्टीच्या दिवशी मात्र लावतात, दारात खुर्ची टाकून बसतात आणि ते कसं बदलत जातं ते दिवसभर बघत राहतात. मधूनच कौशल्येला हाक मारतात, "ये गं, आता बघ, आता निराळंच झालंय."