मॅनेजर दाजी

शालूला नवऱ्याचा राग येत नसे. राग यायला समोर माणूस लागतो, आणि भारत हा माणूस आहे की त्याच्या दुकानात टांगलेलं मोबाईलचं कव्हर, याची तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून शंका होती.

टेंभुर्णीच्या बसस्टँडसमोर त्याचं दुकान आहे. रिचार्ज मारायचा, कव्हर विकायचं, फुटलेली काच बदलून द्यायची, एवढाच धंदा. गिऱ्हाईक आलं की भारत मान वर न करता एक बोट दाखवतो. थांबा, मॅच चालू आहे. मॅच म्हणजे मोबाईलवरच्या गेममधली. आधी क्रिकेट होतं, मग फुटबॉल आलं आणि अलीकडं कबड्डी. कापूस वेचायला बाया मिळत नाहीत म्हणून त्याचे वडील कडूबा सत्तरीत कंबरेतून वाकून सरीनं चालतात, आणि इकडं चिरंजीव लीगच्या सेमीफायनलला पोचलेले असतात.

नुसता खेळ असता तर शालूनं सोडून दिलं असतं. कुणी तंबाखू मळतो, कुणी पत्ते कुटतो, तसा हा. पण त्या खेळातली भाषा त्याच्या जिभेवर चढली ती उतरेना. तिथं प्रत्येक खेळाडूला शंभरपैकी एक आकडा असतो, त्याला म्हणतात रेटिंग. भारतनं अख्ख्या गावाला रेटिंग देऊन टाकलं. सरपंच चौसष्ट. हेडमास्तर एकोणसाठ, कारण वय झालं, आता दरवर्षी दोन-दोनानं उतरणार. जन्म दिलेली आई दुर्गाबाई, तिला बहात्तर. शालूला अडुसष्ट होते, ते पोरगी झाल्यावर त्यानं त्रेसष्टवर आणले, आणि वर समजूतही घातली की फॉर्म गेलाय, येईल परत. तुमचं स्वतःचं किती, असं तिनं एकदा विचारलं. मॅनेजरला रेटिंग नसतं, म्हणाला.

हळूहळू घरातलं सगळंच त्या भाषेत व्हायला लागलं. आमटी पातळ झाली की ती 'नर्फ' झाली, म्हणजे कंपनीनं तिची ताकद कमी केली. चहात आलं पडलं की 'बफ', म्हणजे वाढवली. शेतात बोलावलं की त्याचा 'स्टॅमिना बार' लाल झालेला असायचा. ताट वाढलं की लगेच हिरवा. कुठलंही काम बिघडलं की 'लॅग' आला. म्हणजे याचं बोट बरोबरच पडलं होतं, दगा दिला तो नेटनं. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आपल्याकडं जुनीच आहे, याच्या अंगणात फक्त टॉवर उभा राहिला होता. आणि मयत, ग्रामसभा, बायकोचं दुखणं असं नको ते काही पुढ्यात आलं की तो 'स्किप' करी. पोरीच्या वेळी शालू जालन्याला दवाखान्यात होती. नर्स बाहेर येऊन म्हणाली, मुलगी झाली. तर बाकावर बसलेल्या या बापानं तिला एक बोट दाखवलं. ही गोष्ट शालूला नर्सनंच सांगितली. शालू ती विसरलेली नाही आणि विसरणारही नाही.

अशा घरात तिचा धाकटा भाऊ भिवा राहायला आला. माहेर मंठ्याकडचं. पोलीस भरतीची तयारी करायची होती, आणि टेंभुर्णीच्या शाळेचं मैदान मोठं, धावायला सोबत चार पोरं होती. भिवा अंगानं वेताच्या छडीसारखा आणि स्वभावानं गरीब. पहाटे पळायचा, दिवसभर कडूबांच्या हाताखाली शेतात राबायचा. सासऱ्यांचा त्याच्यावर पोटच्या पोरापेक्षा जास्त जीव जडला, आणि त्यात नवल काहीच नव्हतं. भरतीसाठी त्याच्या वयाचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या खेपेला फॉर्मच भरता येणार नव्हता.

भारतनं त्याला संध्याकाळी शाळेवर कबड्डी खेळताना पाहिलं आणि तिथल्या तिथं रेटिंग दिलं, अठ्ठ्याऐंशी. गावात एवढं कुणालाच नव्हतं. भिवा लाजला. त्याला तो मान वाटला.

मान हीच त्या पोराची अडचण होती. लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा हक्क नवरीच्या भावाचा. पण तो हक्क मांडवापुरता. मांडव सुटला की जन्मभर दाजी म्हणतील ती पूर्व दिशा. दाजी आले की उठून उभं राहायचं, दाजींनी तांब्या मागितला की धावायचं, आणि काही झालं तरी दाजींपुढं नाही हा शब्द काढायचा नाही. भिवा हे सगळं अगदी मनापासून पाळायचा. भारतला वाटे, पोरगं आपल्या हुशारीवर फिदा आहे.

यात्रेतल्या कबड्डीच्या सामन्यांत टीमचा मॅनेजर म्हणून गावानं भारतला नेमलं, त्याचीही एक कथा आहे. त्यानं गावची टीम मोबाईलमध्ये बनवली. सातही जणांची नावं घातली, उंच्या घातल्या, डोक्यावर केस किती तेसुद्धा घातले. मग त्या टीमला दुकानात बसल्या बसल्या फायनल जिंकून दिली आणि ती फायनल साऱ्या पोरांना दाखवली. स्वतःचं नाव स्क्रीनवर पाहून पोरं येडी झाली. सोमेश्वर नावाच्या एकानं तर यात्रेच्या आधीच विजयाचा गुलाल कुठून आणायचा ते ठरवून टाकलं. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, ती अशी. भारतनं जन्मात कधी कबड्डीच्या मैदानात पाय ठेवला नव्हता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. राखीव खेळाडूंत एक नाव कमी पडत होतं, तिथं त्यानं रुबाबात स्वतःचं घातलं.

आणि यात्रेच्या तोंडावर भिवाचा गुडघा दुखावला. धावताना खड्ड्यात पाय गेला. जाफराबादच्या डॉक्टरनं पट्टा बांधून दिला आणि बजावलं की ग्राउंडपर्यंत जपा, त्याआधी काही उड्या मारू नका. ग्राउंड म्हणजे भरतीची मैदानी परीक्षा. ती यात्रेनंतरच्या सोमवारी होती.

त्या संध्याकाळी शालूनं भाकरी थापता थापता भारतला सांगितलं की भिवा खेळणार नाही. भारतनं मोबाईल खाली ठेवला. एवढं तो क्वचितच करत असे.

"दुखापत झाली म्हणून रेटिंग झीरो होत न्हाई शालू," तो म्हणाला. "अठ्ठ्याऐंशीतून गुडघ्याचे सतरा गेले, एकाहत्तर राह्यले. आपल्या टीममधी दुसरं कोन हाय एकाहत्तरचं?"

"अन् गुडघा कायमचा गेला मंग?"

"कायमचं काई नसतं. दोन-चार मॅच बाहेर बसतो प्लेयर. पुढच्या सीझनला बराबर होतो."

तो हे चेष्टेनं बोलत नव्हता. त्याला ते खरंच वाटत होतं, आणि शालूला किळस आली ती त्याचीच. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि भरतीला पुढचा सीझन नसतो एवढंच म्हणाली. भारतनं मोबाईल परत उचलला होता.

मग ती मागच्या अंगणात गेली. भिवा हौदावर हातपाय धूत होता. तिनं त्याला साफ सांगितलं, दाजींना नाही म्हण. भिवानं चेहऱ्यावरचं पाणी पुसलं.

"ताई, दाजीला न्हाई कसं म्हणू? तुला हितं नांदायचं हाय."

इतके दिवस शालू समजत होती की पोरगं भोळं आहे. ते भोळं नव्हतं. ते तिच्या संसारासाठी गुडघा द्यायला निघालं होतं. आणि तो संसार काय लायकीचा आहे, हे तिनं लाजेपोटी माहेरी कधी सांगितलंच नव्हतं.

यात्रेच्या दिवशी दुपारी देवळामागं चुन्याच्या रेषा मारून मैदान आखलं होतं. बाया भिंतीच्या सावलीला बसल्या होत्या, गडी माणसं तिन्ही बाजूंनी उभी. समोर शेजारच्या वाडीची टीम. तिचा कॅप्टन साहेबराव, ऊसतोडीला जाणारा, चाळिशीचा गडी. भारतनं त्याला पाहिल्या पाहिल्या पोरांना सांगितलं, वय झालंय, पन्नासच्या खाली आहे. मग तो रेषेबाहेर उभा राहून हुकूम सोडायला लागला. पुढं जा म्हणताना त्याचा अंगठा मोबाईलवर फिरतो तसा हवेत फिरत होता. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंट तरी पाहिजे, असं शालूच्या शेजारची म्हातारी पुटपुटली.

भिवानं पहिल्या दोन चढायांत गुण आणले. तिसऱ्या चढाईत साहेबरावच्या गड्यानं त्याच्या पायाला झेप घातली. भिवा गर्रकन वळून सुटला, पण मधल्या रेषेवर येताना त्याचा पाय नीट टेकत नव्हता. तो खाली वाकला, गुडघ्याचा पट्टा घट्ट केला आणि उभा राहिला.

"स्टॅमिना हाय त्याच्यात," भारत बाहेरून ओरडला. "परत भिवालाच पाठवा."

शालू उठली. दुर्गाबाईंनी तिचा पदर धरला, बायामाणसानं मैदानात जायचं नसतं म्हणाल्या. तिनं पदर सोडवून घेतला आणि चुन्याची रेषा ओलांडून सरळ आत गेली. पंचांनी शिट्टी फुंकली. माईकवरचा माणूस बोलायचा थांबला. तिनं भिवाचं मनगट धरलं. भिवानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग दाजींकडं.

भारत दबक्या आवाजात म्हणाला की हाफ टाइमला बोलू, लोक बघताहेत. शालूनं आवाज दाबला नाही.

"सोमवारी ग्राउंड हाय याचं. तुमची मॅच तुम्ही खेळा."

लोकांत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, बरोबर आहे, राखीव खेळाडूंत मॅनेजरचं नाव आहेच की. पंचांनी कागद पाहिला आणि भारतला आत यायची खूण केली. आता पळवाट नव्हती. भारतनं चपला काढल्या, पँट दुमडली, मोबाईल रेषेबाहेरच्या एका पोराच्या हातात दिला आणि आत आला. शालूनं भिवाला मैदानाकडेच्या लिंबाखाली बसवलं, गुडघ्याच्या पट्ट्यावरून ओलं फडकं गुंडाळलं. त्याच वेळी भारतची चढाईची पाळी आली.

तो कबड्डी कबड्डी म्हणत पलीकडं गेला. आवाज चांगला होता. तीन-चार पावलं टाकली आणि थबकला. एक पाय हवेत पुढं करून पाहिला, मग दुसरा. साहेबराव हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या गड्यांनी साखळी धरली नाही, कुणी पवित्रा घेतला नाही. कोपऱ्यातले दोघं तर आपसात काहीतरी बोलत होते. याला धरायचे कष्ट घ्यावेत असं त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नाही. भारतनं आणखी थोडं पाय हलवले आणि वळून पळत परत आला. आल्यावर त्यानं दोन्ही हात वर केले.

पंचांनी त्याला बाद दिलं. चढाई करणाऱ्यानं पलीकडच्या अंगणात आखलेली 'निदान रेषा' नावाची रेघ ओलांडायलाच पाहिजे, नाहीतर तो आपोआप बाद. शाळेतल्या पोरीसोरींना हे ठाऊक असतं. भारत पंचांशी हुज्जत घालायला लागला, की मोबाईलमध्ये ती रेष चमकते, इथं ती चमकलीच नाही. पंचांनी कागदावर वाडीचा गुण मांडला. लोक हसतील असं शालूला वाटलं होतं, पण कुणी हसलं नाही. हसायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नसावी.

थोड्या वेळानं टाइम आउट झाला. भारत लिंबाखाली आला. शालूकडं त्यानं पाहिलं नाही, भिवासमोर उकिडवा बसला. सहा पॉइंट मागं आहोत म्हणाला, सोमेश्वरला बाहेर काढतो. "तू शेवटच्या दोन रेड मार फक्त. एकाहत्तर हायेस तू अजून. मी हिशोब करूनच बोलून राह्यलो."

भिवाचा हात सवयीनं गुडघ्याच्या पट्ट्याकडं गेला. तोंडापर्यंत आलेलं शालूनं परत गिळलं. एकदा हात धरून ओढून आणलं होतं, पण जन्मभर तिला त्याचा हात धरता येणार नव्हता. भिवानं बहिणीकडं पाहिलं. भर यात्रेत मैदानात चालत गेलेली बहीण, आता तिच्या नांदण्याची काळजी त्यानं काय करायची? मग त्यानं दाजींकडं पाहिलं. कबड्डी खेळून आलेल्या माणसाच्या अंगावर मातीचा एक कण नव्हता.

"न्हाई दाजी," भिवा म्हणाला. बसल्या जागेवरून म्हणाला, उठला नाही.

भारत त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. त्याच्या खेळात खेळाडू दमतो, जखमी होतो, दुसऱ्या टीमला विकला जातो, पण नाही म्हणत नाही. यासाठी त्याच्यापाशी शब्दच नव्हता. मैदानावरून पोरं हाका मारत होती. शेवटी तो शालूकडं वळला.

"तू सांग त्याला."

"मी काय सांगू?" शालू म्हणाली. "त्यानं सांगितलं की."